ठोक्यांवरच्या गोळ्या: दवा बाजारातल्या पत्त्यांची उलटतपासणी

इंदूरच्या दवा बाजारात अमियोडॅरोनचा, म्हणजे हृदयाचे बिघडलेले ठोके ताळ्यावर आणणाऱ्या गोळीचा, पत्ता मागा, दोन मिनिटांत हातात पडतो. (गोळ्यांच्या स्ट्रिपला इथल्या मराठी घरांतही ‘पत्ता’च म्हणतात, म्हणून आम्हीही तोच शब्द वापरतो.) मागच्या चंदेरी बाजूला लाल चौकटीतली सूचना, आरएक्सची खूण, बॅच नंबर, मुदत, भाव. सगळं छापलेलं असतं. छापलेलं नसतं ते एवढंच, की ही गोळी सुरू होण्याआधी थायरॉइड, लिव्हर आणि छातीचा एक्स-रे बघून झालेला हवा, आणि गोळी बंद केली तरी ती कित्येक आठवडे अंगातून जाणार नाही.

म्हणून ठोक्यांच्या गोळ्यांच्या या परीक्षणात भाव, कंपनी किंवा डबीचा देखणेपणा यांना गुण नाहीत. कसोटी एकच: ही गोळी घरात आल्यावर घराकडून काय काय मागते, आणि ते मिळालं नाही तर काय बिघडतं.

आधी रचना थोडक्यात. ठोका उजव्या वरच्या कप्प्यातल्या एसए नोडमधून सुटतो, वरचे दोन्ही कप्पे आवळतो, मधल्या एव्ही नोडपाशी क्षणभर अडतो आणि मग खालच्या मोठ्या कप्प्यांत उतरतो. एट्रियल फिब्रिलेशन या ताल बिघडण्याच्या दुखण्यात वरच्या कप्प्यांत मिनिटाला ३५० ते ६०० विस्कळीत लहरी उठतात. त्या सगळ्या खाली उतरत नाहीत ते एव्ही नोडमुळे. रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत तोंडाशी कितीही गर्दी दाटली तरी गल्लीतून एका वेळी पुढे सरकणारी माणसं मोजकीच, तसं त्याचं काम. तरीही खालचे ठोके १३०-१५०वर जातात, तेही वेडेवाकडे, आणि माणूस म्हणतो, “छाती धडधडते, दम लागतो.”

औषधं दोन वाटांनी जातात. एक तर गल्लीचं तोंड आणखी अरुंद करायचं, म्हणजे गर्दी तशीच राहू द्यायची पण ठोक्यांचा वेग आवरायचा. नाहीतर गर्दीच पांगवायची, म्हणजे मूळ ताल परत आणायचा. १९७०मध्ये व्हॉन विल्यम्स यांनी केलेली विभागणी आजही शिकवतात: सोडियमचा मार्ग अडवणारी, अॅड्रिनलिनचा परिणाम रोखणारी, पोटॅशियमचा मार्ग अडवणारी आणि कॅल्शियमचा मार्ग अडवणारी. डिगॉक्सिन आणि अॅडेनोसिन या चौकटीत बसत नाहीत. अमियोडॅरोन चारही खणांत पाय ठेवून उभं असतं, आणि त्याचं कौतुक आणि तक्रार दोन्हींचं मूळ तिथंच आहे.

कोणती वाट चांगली, यावर डॉक्टरांमध्ये बरीच वर्षं वाद होता. २००२च्या ‘अफर्म’ अभ्यासात वेग आवरलेले आणि ताल परत आणलेले पेशंट यांच्या आयुर्मानात फरक दिसला नाही. २०२०च्या ‘ईस्ट’ अभ्यासात मात्र, निदान होऊन वर्ष उलटायच्या आत ताल सांभाळायला घेतलेल्यांना फायदा दिसला. त्यामुळे ‘शेजारच्या काकांना वेगळी गोळी दिली, आम्हाला ही का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा दुखणं किती जुनं आहे, हृदयाचं पंपिंग किती आहे आणि आधी अॅटॅक येऊन गेला आहे का, यात असतं. आणि एखादा ठोका मधूनच चुकणं, तेही तरुण माणसाचा, हृदयाचा इको (सोनोग्राफी) चांगला असताना: त्याला बहुतेक वेळा कुठलीच गोळी लागत नाही. झोप आणि चहाचे कप मोजले तरी पुष्कळ.

मेटोप्रोलॉल सक्सिनेट हा या कपाटातला सगळ्यात समंजस पत्ता. अॅड्रिनलिनचा रेटा कमी करून ते एव्ही नोडमधली वाहतूक मंदावतं. सुरुवात साधारण २५ किंवा ५० मि.ग्रॅ.ने, दिवसातून एकदा. नावापुढे एक्सएल किंवा ईआर लिहिलेलं असतं ते शोभेसाठी नाही. औषध चोवीस तासांत हळूहळू सुटावं अशी ती गोळी बांधलेली असते. मधल्या रेघेवर अर्धी केली तर चालते, पण चावली, कुटली किंवा पाण्यात विरघळवली की दिवसभराचा डोस तासाभरात अंगात उतरतो आणि नाडी ४०वर येऊन बसते. नाकातल्या नळीतून जेवण चालू असलेल्या पेशंटला घरचे नेमकं हेच करतात, खलबत्त्यात कुटून. अशा वेळी डॉक्टरांना सांगून साधं मेटोप्रोलॉल टार्ट्रेट लिहून घ्यायचं, ते दिवसातून दोन-तीनदा जातं.

दुसरी चूक दुकानात होते. याच नावापुढे ‘एएम’सारखी अक्षरं लागली की त्यात ब्लडप्रेशरचं दुसरं औषध मिसळलेलं असतं. चिठ्ठीवर नुसतं मेटोप्रोलॉल असेल आणि हातात जोडगोळी आली तर दोन-चार दिवसांत उठताना चक्कर येते आणि घरचे दोष ठोक्यांना देतात. पत्त्यावर ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. ती ओळ वाचल्याशिवाय काउंटर सोडू नका.

नाडी किती हवी? नाडी ७०वरच आणण्याचा हट्ट बऱ्याच घरांत दिसतो. २०१०च्या ‘रेस टू’ अभ्यासात विश्रांतीची नाडी ११०च्या खाली ठेवणं हे ८०च्या खाली ठेवण्याइतकंच पुरेसं ठरलं. त्रास नसेल आणि पंपिंग बरं असेल तर ९२ बघून घाबरायचं कारण नाही. मोजायची पद्धत मात्र नीट हवी. फिब्रिलेशनमध्ये १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर उत्तर हमखास चुकतं, पूर्ण एक मिनिट मोजा. शिवाय अशक्त ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत. छातीवर स्टेथोस्कोप लावून १२० मोजले जातात तेव्हा मनगटावर ९५ लागू शकतात. डिजिटल बीपी मशीनचाही याच तालात गोंधळ उडतो, म्हणून दोन-दोन मिनिटांच्या अंतराने तीन रीडिंग घेऊन सरासरी धरायची.

हे औषध मागतं एवढंच: अचानक बंद करू नका. महिनाअखेरीला पत्ता संपला आणि गावाला निघालात, तर तिसऱ्या दिवशी ठोके दुप्पट जोराने उसळतात. दमा असेल तर सुरू करण्याआधीच सांगा. डायबेटिस असेल तर साखर उतरल्याची धडधड ही गोळी झाकून टाकते, पण घाम झाकत नाही. अंगाला गार घाम फुटला की नाडी शांत असली तरी साखर तपासा. पाचापैकी साडेचार.

डिल्टियाझेम आणि व्हेरापॅमिल कॅल्शियमच्या वाटेने त्याच एव्ही नोडला आवरतात. दम्याच्या पेशंटला यांचा मोठा आधार. पण हृदयाचं पंपिंग आधीच कमी असेल तर ही दोन्ही नकोत, कारण ती हृदयाच्या स्नायूची ताकदही कमी करतात. व्हेरापॅमिलने बद्धकोष्ठ होतो, डिल्टियाझेमने घोटे सुजतात. इसबगोल आपल्या नीमच-मंदसौरकडचंच, घरात असतंच. पण सोबत डिगॉक्सिन चालू असेल तर दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर भुशीबरोबर औषधही शोषलं न जाता निघून जातं. मेटोप्रोलॉलसोबत यांपैकी एखादं दुसऱ्याच डॉक्टरांनी लिहिलेलं आढळलं, तर दोन्ही चिठ्ठ्या एकाच टेबलावर ठेवून विचारा. दोघांनी मिळून नाडी फार खाली नेल्याची उदाहरणं वॉर्डात नवी नाहीत. साडेतीन.

डिगॉक्सिन हे सगळ्यांत जुनं. डिजिटॅलिसच्या झाडाचा औषधी उपयोग विल्यम विदरिंग यांनी १७८५मध्ये मांडला. आजची गोळीही त्याच कुळातल्या झाडापासून येते. ते मेंदूकडून येणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा जोर वाढवून एव्ही नोडला आवरतं. म्हणून बसलेल्या माणसाची नाडी छान आवरते, जिना चढायला लागलं की आवरत नाही, कारण तेव्हा व्हेगसचं कोणी ऐकत नाही. बिछान्याला खिळलेल्या, पंपिंग कमी असलेल्या पेशंटला हे चालतं. रोज सकाळी नेहरू पार्कात फिरणाऱ्याला एकटं पुरत नाही.

याची चांगला डोस आणि वाईट डोस यांच्यामधली भिंत फार पातळ. गोळी ०.२५ मि.ग्रॅ.ची. वयस्कांना बहुधा अर्धी, म्हणजे ०.१२५. आपल्याकडे ‘आठवड्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी’ अशीही पद्धत आहे. किडनी ठीक असलेल्याच्या अंगातून निम्मं औषध जायलाच ३६ ते ४८ तास लागतात, त्यामुळे सुट्टीच्या दिवसांत ते रिकामं होत नाही. अडचण घरात होते. एकाने सुट्टी पाळली, दुसऱ्याने ‘काल राहिली होती’ म्हणून दिली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजच्या तारखेला पेनाने खूण, हा आम्हाला माहीत असलेला सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा उपाय.

जास्त झाल्याची पहिली खूण छातीत नसते, पोटात असते. जेवणावरची वासना जाते, मळमळ होते. मग गोष्टी पिवळट किंवा धुरकट दिसायला लागतात, नाडी मंदावते. आजी जेवत नाहीत म्हणून टॉनिक आणलं जातं, इथेच घोळ. लघवी वाढवणाऱ्या गोळीमुळे किंवा जुलाबाने पोटॅशियम उतरलं असेल तर रक्तातली पातळी नेहमीची असतानाही विषबाधा होते. अमियोडॅरोन, व्हेरापॅमिल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन सोबत आलं की पातळी वाढते. अमियोडॅरोन सुरू करताना डिगॉक्सिन साधारण निम्मं करतात, आणि ते निम्मं केलं आहे ना, हे विचारणं तुमचं काम. पातळी तपासायची तर शेवटच्या गोळीनंतर किमान सहा तासांनी रक्त द्या. सकाळी गोळी घेऊन लगेच लॅबमध्ये गेलात तर आकडा फुगलेला येतो आणि चांगला चाललेला डोस उगाच कमी होतो. तीन गुण, तेही ज्या घरात एकच माणूस औषधं देतो त्या घरासाठी.

आता अमियोडॅरोन. याला एका आकड्यात बसवता येत नाही. कामाला पाचापैकी पाच, सोबत राहायला दोन.

१९६१मध्ये बेल्जियममध्ये ते छातीच्या दुखण्यासाठी तयार झालं. तालावरचा गुण नंतर लक्षात आला. वजनाच्या सुमारे ३७ टक्के आयोडीन, म्हणजे २०० मि.ग्रॅ.च्या एका गोळीत ७५ मि.ग्रॅ.च्या आसपास. शरीराला रोज लागणारं आयोडीन मि.ग्रॅ.च्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढं. इतका साठा रोज पोटात गेल्यावर थायरॉइड बिचकणारच, कधी मंदावतं, कधी भडकतं. भडकलं की ठोके पुन्हा धावतात आणि ‘गोळी चालत नाही’ म्हणून डोस वाढवायची मागणी होते. आधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, बघा. खरं तर ठोके पहिल्यांदा बिघडले तेव्हाच टीएसएच व्हायला हवा होता, कारण थायरॉइड हेच मूळ दुखणं असू शकतं.

हे औषध चरबीत, लिव्हरमध्ये, फुप्फुसात साठतं. हे भांडं भरल्याशिवाय परिणाम दिसत नाही, म्हणून सुरुवातीला भरणी करतात. नेहमीची पद्धत: २०० मि.ग्रॅ. दिवसातून तीनदा एक आठवडा, दोनदा एक आठवडा, मग रोज एक. घोटाळा इथेच होतो. चिठ्ठी तीन टप्प्यांची असते, घरात फक्त पहिली ओळ लक्षात राहते, आणि दोन महिन्यांनीही दिवसाला तीन गोळ्या चालू असतात. चिठ्ठी घेतानाच प्रत्येक टप्प्याची तारीख लिहून घ्या: ‘या सोमवारपासून दोन’, ‘पुढच्या सोमवारपासून एक’. भांडं रिकामं व्हायलाही तेवढाच वेळ. निम्मं औषध उतरायला सरासरी ५८ दिवस लागतात, काहींना तीन-चार महिने. म्हणून एक दिवस गोळी चुकली तर आभाळ कोसळत नाही. आणि म्हणूनच आज बंद केलं म्हणजे त्रास उद्या थांबेल, असंही नाही.

गोळी नेहमी जेवणानंतर, रोज एकाच वेळी. उपाशीपोटी कमी शोषली जाते, त्यामुळे कधी जेवून कधी उपाशी असं केलं की पातळी वरखाली होते. पपनस टाळा. टीएसएच आणि लिव्हरची तपासणी दर सहा महिन्यांनी. नवा कोरडा खोकला आणि दम लागू लागला तर त्याला हवाबदल म्हणू नका. फुप्फुसावरचा परिणाम क्वचित होतो, पण या गोळीचा सगळ्यात वाईट त्रास तोच, आणि लवकर पकडला तरच आवरतो.

ऊन ही इंदूरची वेगळी बाब. अमियोडॅरोनवर असलेल्याची कातडी उन्हाने पटकन भाजते, वर्षानुवर्षं घेतलं तर चेहऱ्यावर निळसर-करडी छटा येते. हा परिणाम करणारे किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात, त्यामुळे ‘मी तर गाडीतच होतो’ ही सबब चालत नाही. झिंक ऑक्साइडचं जाड क्रीम, पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर तीन-चार तास उभं राहणं या पेशंटनी गॅलरीतल्या सावलीतून करावं. त्या दिवशीची भांग कुठल्याच ठोक्यांच्या पेशंटला नको. ती स्वतःच नाडी पळवते.

वॉर्डात हेच औषध शिरेतून दिलं तर आधी १५० मि.ग्रॅ. दहा मिनिटांत, मग तासाला ६० मि.ग्रॅ.च्या वेगाने सहा तास, पुढचे अठरा तास निम्म्या वेगाने, तेही डेक्स्ट्रोजमध्ये, सलाइनमध्ये नाही. हाताच्या बारीक शिरेतून ते जास्त वेळ गेलं की शीर लाल होऊन दुखते. पेशंट ‘हात जळतोय’ म्हणाला तर सिस्टरना लगेच सांगा, सहन करू नका.

फ्लेकेनाइड आणि प्रोपॅफेनोन सोडियमचा मार्ग अडवतात आणि धडधाकट हृदयात मधूनच उठणाऱ्या फिब्रिलेशनला छान परतवतात. फक्त धडधाकट हृदयात. अॅटॅक येऊन गेलेल्यांना फ्लेकेनाइडच्या जातीची औषधं दिली तर ठोके कागदावर सुधारतात आणि माणसं जास्त दगावतात, हे १९८९मध्ये ‘कास्ट’ अभ्यासात दिसलं आणि या सगळ्या औषधांकडे बघण्याची दृष्टीच बदलली. ज्यांना वर्षातून दोन-चारदाच त्रास होतो त्यांना ‘खिशातली गोळी’ देतात: त्रास सुरू झाल्यावर फ्लेकेनाइड २०० मि.ग्रॅ., वजन ७० किलो किंवा जास्त असेल तर ३००, एकदाच, आणि त्याआधी अर्धा तास मेटोप्रोलॉल किंवा डिल्टियाझेम. ही आधीची गोळी वगळली तर वरची लहर मंदावते आणि एव्ही नोड तिचा प्रत्येक ठोका खाली सोडतो, नाडी २००च्या पुढे. म्हणून पहिला प्रयोग दवाखान्यात मॉनिटर लावूनच. प्रोपॅफेनोनने तोंडाला धातूची चव येते, त्याला स्वयंपाकीणबाई जबाबदार नाहीत. चार गुण, पण इको आणि कोरोनरी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची) तपासणी चांगली असलेल्यांनाच.

सोटॅलॉल: अंगातून जाणं किडनीवर अवलंबून, ईसीजीतलं क्यूटी अंतर (खालचे कप्पे आवळून पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ) लांबवतं, सुरुवात तीन दिवस मॉनिटरखाली. तो पलंग मिळत नसेल तर सुरूच करू नका.

क्यूटीचा मुद्दा सोटॅलॉल आणि अमियोडॅरोन दोन्हींना लागू, आणि तो पावसाळ्यात अंगावर येतो. जुलाब लागले की काउंटरवरून ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोलची जोडगोळी आणि उलटीला ऑन्डॅन्सेट्रॉन घेतलं जातं. सर्दीला अॅझिथ्रोमायसिनचा तीन गोळ्यांचा पत्ता. ऑफ्लॉक्सॅसिन, ऑन्डॅन्सेट्रॉन, अॅझिथ्रोमायसिन ही तिन्ही क्यूटी लांबवतात, जुलाबाने पोटॅशियम-मॅग्नेशियम आधीच उतरलेलं असतं, आणि ठोके सुधारण्याची गोळीच जीवघेणे ठोके उठवते. काउंटरवर पहिलं वाक्य ‘ठोक्यांची गोळी चालू आहे’ हे असावं.

रक्त गोठू न देणारी औषधं ठोके सुधारत नाहीत, तरी फिब्रिलेशनमध्ये जीव आणि हातपाय वाचवण्यात त्यांचाच वाटा मोठा. थरथरणाऱ्या वरच्या कप्प्यात रक्त साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूत जाते. अॅस्पिरिनची ७५ची गोळी याला पर्याय नाही. ‘रक्त पातळ करायची गोळी चालूच आहे’ म्हणून निश्चिंत असलेल्यांनी पत्ता उलटून नाव वाचावं.

व्हॉल्व्ह संधिवाताने आकुंचन पावलेला असेल किंवा धातूचा बसवलेला असेल तर असेनोकुमारॉल किंवा वॉरफरिनच. २०२२च्या ‘इन्व्हिक्टस’ अभ्यासात संधिवाताच्या हृदयविकारात नव्या रिव्हारोक्साबॅनपेक्षा जुनी औषधंच सरस ठरली, हे आपल्याकडच्या पेशंटच्या फार कामाचं. पण ही दोन्ही आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) मागतात, फिब्रिलेशनसाठी २ ते ३च्या मधे. गोळी संध्याकाळी घ्यायची, कारण सकाळी दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट दुपारी येतो आणि त्याच संध्याकाळचा डोस बदलता येतो. असेनोकुमारॉल लवकर उतरतं, त्यामुळे एक दिवस चुकला तरी आकड्यात दिसतं.

लॅबमध्ये एक गोष्ट डोळ्यांनी बघा. आयएनआरची नळी निळ्या टोपणाची असते, तळाशी ०.३ मि.ली. सायट्रेट, वर खुणेपर्यंत २.७ मि.ली. रक्त. शीर सापडली नाही म्हणून नळी अर्धीच भरली तर सायट्रेटचं प्रमाण वाढतं आणि आयएनआर खोटाच जास्त येतो. मग डोस कमी होतो आणि खरा धोका वाढतो. रक्त खुणेच्या खाली असेल तर पुन्हा काढायला सांगा, संकोच करू नका. शक्यतो लॅबही तीच ठेवा.

हिवाळ्यात मेथी-पालकाने आयएनआर उतरतो हे खरं, पण उपाय भाजी सोडणं नाही. आठवड्यातून जेवढी खाता तेवढीच बाराही महिने खा. मेट्रोनिडॅझोल, को-ट्रायमोक्साझोल, फ्लुकोनॅझोल घेतलं तर तीन ते पाच दिवसांत आयएनआर करून घ्या. गुडघेदुखीला डायक्लोफेनॅक नको.

नव्यांपैकी अपिक्साबॅन आम्हाला घरासाठी सगळ्यात सोपं वाटतं: ५ मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, जेवणाची अट नाही. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारा रक्तातला आकडा) १.५ किंवा जास्त, या तिन्हींतल्या दोन गोष्टी असतील तरच २.५. ‘वय झालंय, कमीच बरी’ असं करून अर्धा डोस देणं म्हणजे पैसे पूर्ण आणि संरक्षण अर्धं. रिव्हारोक्साबॅनची २०ची गोळी दिवसातून एकदा, पण पोटभर जेवणाबरोबर, नाहीतर नीट शोषलीच जात नाही. एकादशीला चहाच्या कपासोबत नको, साबुदाण्याच्या खिचडीसोबत घ्या. हरतालिकेच्या निर्जळी उपवासाबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडून दुधात मिसळली तर ७५ टक्के जास्त शोषली जाऊन रक्तस्राव होतो. ओल लागली की ती बिघडतेही, म्हणून सकाळ-दुपार-रात्रीच्या प्लास्टिकच्या डबीत काढून ठेवायची नाही, पत्त्यातून थेट तोंडात, ग्लासभर पाण्याबरोबर.

अॅडेनोसिन पत्त्यात मिळत नाही, ते इमर्जन्सीत भेटतं. सरळ, घड्याळासारखी नियमित १८०ची धडधड असेल तर आधी औषधाशिवाय एक उपाय करून बघतात: १० मि.ली.च्या रिकाम्या सिरिंजमध्ये दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचं, मग लगेच आडवं होऊन पाय ४५ अंशांवर १५ सेकंद धरायचे. २०१५च्या एका अभ्यासात याने ४३ टक्के पेशंट ताळ्यावर आले, नुसतं बसून फुंकण्याने १७ टक्के. नाही जमलं तर अॅडेनोसिन ६ मि.ग्रॅ. झटक्यात, मागोमाग २० मि.ली. सलाइन, तरीही नाही तर १२ मि.ग्रॅ. काही सेकंद छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं आणि मॉनिटरवरची रेघ सपाट होते. नातेवाईक दचकतात, पण औषध दहा सेकंदांत निम्मं झालेलं असतं. दमा असेल तर आधी ओरडून सांगा.

खरेदीबद्दल. पत्ता कापून चार गोळ्या कागदी पुडीत देणारं दुकान या औषधांसाठी नको, कारण मुदत आणि बॅच नेमकी दुसऱ्या तुकड्यावर राहते. जनऔषधी केंद्रात घ्यायला हरकत नाही, पण वॉरफरिन आणि डिगॉक्सिनची कंपनी दर महिन्याला बदलू नका. बदलली तर वॉरफरिनवर आठवड्याभरात आयएनआर करा. एकाच ताकदीच्या गोळीचा रंग कंपनीगणिक वेगळा असू शकतो, म्हणून ‘गुलाबी गोळी’ अशी ओळख घरात ठेवू नका, मि.ग्रॅ. वाचा. ऑगस्ट २०२३पासून ३०० प्रमुख ब्रँडांवर क्यूआर कोड बंधनकारक आहे, तो फोनने वाचून बॅच आणि मुदत पत्त्याशी जुळवून बघता येते.

आणि धडधड चालू असतानाचा ईसीजी मिळाला असेल तर तो या सगळ्या पत्त्यांपेक्षा मोलाचा. तो थर्मल कागदावर असतो, कपाटाच्या वरच्या खणात एक उन्हाळा काढला की फिकट पडतो आणि प्लास्टिकच्या कव्हरमध्ये चिकटून आणखी लवकर. घरी आल्याबरोबर उजेडात सपाट ठेवून फोनवर फोटो काढा, दोन झेरॉक्स करा आणि त्यावर तारीख, वेळ आणि तेव्हा कोणती गोळी किती मि.ग्रॅ. चालू होती ते पेनाने लिहा.